दिल्लीचं हवामानाचं वचन गावाच्या आराखड्यात उतरणार कसं?

भारताने हवामान बदलाबाबत जगाला काही वचनं दिली आहेत आणि त्यांची मुदत 2030 आहे. पण ती पाळायची कुठं? मोटर चालते शिवारात, झाड लागतं बांधावर, पाणी अडतं ओढ्यात. म्हणजे या वचनाचा मोठा भाग ग्रामपंचायतीच्या दप्तरातून जातो. त्या दप्तरात पाणी, वीज आणि झाडांचा हिशेब नसेल, तर गावाचा निधी पुन्हा पेव्हर ब्लॉक आणि कमानीत जाणार आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं काही चुकणार नाही.

वचन काय आहे?

2015 साली पॅरिस करार झाला. प्रत्येक देशाने आपापलं उद्दिष्ट जाहीर केलं. भारताने 2022 मध्ये ते वाढवलं. त्यात तीन आकडे महत्त्वाचे. देशाच्या उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणारं प्रदूषक वायूंचं उत्सर्जन 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी करायचं. वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा, तेल, गॅस सोडून उभारायची. आणि झाडं-जंगलं वाढवून 250 ते 300 कोटी टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायचा. याशिवाय शेती, पाणी, आरोग्य ही क्षेत्रं बदलत्या हवामानात टिकतील अशी करायची, हेही त्यात आहे. गावाचा सगळ्यात जवळचा संबंध या शेवटच्या मुद्द्याशी.

अडतं कुठं?

केंद्राचा हवामान कृती आराखडा 2008 पासून आहे. राज्याचाही आहे. 2 ऑक्टोबर 2020 पासून राज्यात माझी वसुंधरा अभियान सुरू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गावांना गुण मिळतात. गावपातळीवर ग्रामपंचायत विकास आराखडा आहेच. त्याच्या नऊ विषयांत 'जलसमृद्ध गाव' आणि 'स्वच्छ व हरित गाव' हे दोन आहेत. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22 पासून 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता.

म्हणजे योजना आहे, विषय आहे, पैसाही येतो. कमी पडते ती तयारी. बऱ्याच ठिकाणी आराखडा घाईत भरला जातो, मागच्या वर्षीचीच कामं थोडी फिरवून लिहिली जातात. सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांना शिकवण्यासाठी राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियान आहे, पुण्याची यशदा संस्था आहे. पण प्रशिक्षणाला जाऊन सही करून येणं वेगळं आणि गावाचा हिशेब मांडता येणं वेगळं. हा हिशेब दहावी झालेलं पोरगंही मोबाइलवर करू शकतं.

पहिला हिशेब पाण्याचा

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. एवढं एक सूत्र लक्षात ठेवायचं.

समजा गावाचं क्षेत्र 1000 हेक्टर आणि पाऊस 500 मिलिमीटर. तर गावावर पडलं 500 कोटी लिटर. त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, बरंचसं वाहून जातं. जमिनीत मुरतं ते थोडंच. किती, ते माती आणि उतारावर ठरतं.

आता खर्च बघा. लोकसंख्या 2000, माणशी रोज 55 लिटर धरलं तर वर्षाला साधारण 4 कोटी लिटर. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षात 2000 मिलिमीटर पाणी धरलं, तर एका हेक्टरला 2 कोटी लिटर लागतात. म्हणजे दोन हेक्टर, जेमतेम पाच एकर ऊस, अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी पितो. ऊस लावू नका असं कुणी म्हणत नाही. पण ठिबक किती एकरावर, नवीन बोअर किती, हे ग्रामसभेत बोलायचं तर हा आकडा समोर पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हेच करत आलं आहे. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिकं ठरवायची. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडूनच कामं ठरवण्याची पद्धत आली.

दुसरा हिशेब विजेचा

पाच एचपीची मोटर आठ तास चालली की साधारण 30 युनिट जळतात. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे दिवसाला 20 किलोच्या वर. गावात 200 मोटरी 100 दिवस चालल्या तर 400 टन झाले. सौर फीडर आला की हे कमी होतं आणि रात्रीचं दारं धरणंही सुटतं. देशाचं वचन आणि शेतकऱ्याची झोप इथं एकाच कामात बसतात.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये गावाच्या हद्दीत प्रकल्प झाला तर ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी 5 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. पण गायरानावर पॅनल बसले तर गुरं कुठं चारायची, हे आधी ग्रामसभेतच ठरलं पाहिजे. नंतर भांडून उपयोग नसतो.

तिसरा हिशेब झाडांचा

जुलैत लावलेली झाडं मोजून कार्बन शोषला जात नाही. पाडव्याला जिवंत किती ते मोजायचं. केरळच्या वायनाड जिल्ह्यातल्या मीनंगाडी पंचायतीने कार्बनचा हिशेब जुळवण्याचं काम 2016 मध्ये हाती घेतलं. तिथं शेतकऱ्याला लावलेलं झाड राखण्यासाठी झाडामागे वर्षाला 50 रुपये बिनव्याजी देण्याची योजना आली. पैसा लावण्याला नाही, जगवण्याला.

ग्रामसभेत काय विचारायचं?

आराखड्याची मोहीम दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्याआधी चार-पाच जणांनी बसून तयारी करावी. मंडळाच्या हवामान केंद्राचा पाऊस कृषी सहायकाकडून घ्यावा, पीकपेरा तलाठ्याकडून, मोटरींची संख्या वायरमनकडून. 'मेरी पंचायत' ॲपवर गावाचा आराखडा बघता येतो, ऑक्टोबर 2024 पासून गावनिहाय हवामान अंदाजही मिळतो.

मग ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत:

1. यंदा गावात पाणी आलं किती, लागणार किती?
2. बंधित निधीतून पाणी मुरवण्याचं कोणतं काम धरलंय आणि ते कोणत्या ओढ्यावर?
3. मागच्या वर्षीची किती झाडं जगली?
4. प्रशिक्षणाला कोण गेलं होतं आणि त्यांनी गावाला काय सांगितलं?

उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावीत. तोंडी उत्तराचा पुढच्या वर्षी उपयोग होत नाही.