मोटार आणि मिस्त्री

घरची मोटार गॅरेजांत सोंपवून निर्धास्त राहावें काय, असा प्रश्न भिवंडीच्या गृहस्थांस वारंवार पडतो. आमच्या मतें सोंपवावी, पण डोळे मिटून नव्हे. मिस्त्री तेल मोजण्याची कांडी काढून काळें ऑईल दाखवितो आणि गृहस्थ घाबरतो. वास्तविक डिझेलच्या इंजिनांत नवें ऑईलही काजळीनें थोड्याच दिवसांत काळें पडतें. तें बदलण्याची मुदत मोटारीच्या माहितीपुस्तकांत किलोमीटर व महिने यांच्या हिशेबानें दिलेली असते. घरांतील एकानें तरी तें पुस्तक वाचावें. उलट, एअर फिल्टर लवकर बदलावयास सांगितला कीं लबाडीच समजूं नये. मुंबई-नाशिक रस्त्याची धूळ खाऊन तो लवकर कोंदतो, आणि धुळीच्या मुलुखांत तो लवकर बदलावा असें तेंच पुस्तक बहुधा सांगतें.

खर्चाचा अंदाज आधीं लेखी घ्यावा, काढलेला जुना भाग परत मागावा. शिंप्याकडून उरलेलें कापड आपण मागतोंच ना! काम सदोष झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दोन वर्षांच्या आंत ठाण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. सेवेसाठीं मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही पडत नाहीं. मात्र कर वांचविण्यासाठीं ज्यानें कच्च्या चिठ्ठीवर काम उरकलें, त्याच्या हातीं पुराव्यादाखल फारसें कांहीं उरत नाहीं.