उन्हाळी प्रशिक्षणाची जागा : करिअर मेळाव्यात काय विचारावे?

राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतून शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली शिकत आहेत. उन्हाळी सुटीपूर्वी अनेक महाविद्यालयांत करिअर मेळावा भरतो. बियाणे, खते, कीडनाशके, ठिबक संच, बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या असे निरनिराळे लोक टेबले मांडून बसतात. विद्यार्थी दहा ठिकाणी बायोडाटा देतो आणि पत्रकांनी भरलेली पिशवी घेऊन खोलीवर परततो. इकडे घरी मात्र दोन महिने हाताखालचे माणूस कमी होणार असते, तेही ऐन मशागतीच्या दिवसांत. म्हणून ही जागा कशी निवडावी याची माहिती पालकांनाही असणे जरूर आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. ग्रामीण कृषी कार्यानुभव हा पदवीच्या शेवटच्या वर्षातील अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्यात विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे ते सुटीतील प्रशिक्षण, ज्याला मुले इंटर्नशिप म्हणतात आणि आपण पूर्वीपासून उमेदवारी म्हणतो. सहाव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनुसार आखलेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र अथवा पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्यास १० आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. इतरांना काय लागू आहे ते महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. विद्यार्थी कंपनीचे नाव पाहतात, हंगाम पाहत नाहीत. एप्रिल ते जून या काळात कोरडवाहू भागात शेत मोकळे असते. पीक संरक्षणाचे काम शिकावयास जाणाऱ्याला त्या दिवसांत ना पीक दिसते ना कीड. साखर कारखान्याचा गाळप हंगामही तोपर्यंत बहुधा संपलेला असतो. तेव्हा टेबलाशी गेल्यावर पहिला प्रश्न असा असावा : "मे महिन्यात आपल्याकडे प्रत्यक्ष कोणते काम चालू असते?"

ज्यांच्याकडे त्या काळात खरे काम असते अशी ठिकाणे पुष्कळ आहेत. कोकणात एप्रिल-मे हा हापूसच्या काढणीचा काळ. निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये फळाची प्रतवारी, पक्वतेची पारख आणि निर्यातपूर्व प्रक्रिया पाहावयास मिळतात. फळमाशीमुळे युरोपीय संघाने २०१४ साली आपल्या आंब्याची आयात थांबविली होती. ती २०१५ मध्ये पुन्हा खुली झाली. त्या बाजारासाठी ४८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात फळे ६० मिनिटे ठेवण्याची प्रक्रिया वापरली जाते. असे काम एकदा हाताने केलेल्या मुलाला काढणीनंतरचे तंत्रज्ञान पुस्तकातून वेगळे समजावावे लागत नाही.

नाशिक, सांगलीकडील द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते व त्यानंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होत असते. पुढच्या मालाचा पाया सुटीच्याच दिवसांत घातला जातो. फुटींची विरळणी, सबकेन, पाण्याचे नियोजन हे सर्व तेव्हाच शिकावे. मातीपरीक्षण प्रयोगशाळांतही रब्बीची काढणी झाल्यावर नमुने येऊ लागतात.

बियाण्याच्या प्रक्रिया केंद्रात तर खरिपापूर्वी मोठी धांदल असते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी लागते. आपण घरी गोणपाटात १०० दाणे घालून पाहतो. प्रयोगशाळेत ४०० दाणे घेऊन आठव्या दिवशी अंतिम मोजणी करतात. सहा आठवडे हे काम केलेला विद्यार्थी गावातील पाच-दहा घरांचे घरगुती बियाणे पेरणीपूर्वी तपासून देऊ शकतो, आणि दुबार पेरणीचा खर्च काय असतो हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

काही टेबलांवर मात्र 'बाजारपेठ विकास' असे भारदस्त नाव देऊन केवळ विक्रीचे लक्ष्य हाती दिले जाते. विक्रीचे काम कमी प्रतीचे आहे असे माझे म्हणणे नाही. दुकानदाराशी बोलणे, उधारीचा व्यवहार समजणे हेही शिक्षणच आहे. परंतु पत्रके वाटणे व पेट्या खपविणे एवढेच असेल तर घरच्या शेतावर राहिलेले बरे. ओळखण्याची खूण सोपी आहे. गेल्या वर्षी आलेल्या विद्यार्थ्याने लिहिलेला अहवाल पाहावयास मागावा. देखरेख कोण करणार, त्याचे शिक्षण काय, तो आठवड्यातून किती दिवस जागेवर असतो, हेही विचारावे.

बायोडाटा एका पानाचा पुरे. त्यात 'कष्टाळू व प्रामाणिक' असे लिहिण्याऐवजी घरच्या शेतावर स्वतः काय केले ते लिहावे : ठिबकच्या लॅटरल धुतल्या, कांदा चाळीत भरला, फवारणीची नोंदवही ठेवली. शेतकऱ्याच्या मुलाजवळ हे भांडवल असते आणि नेमके तेच लिहिण्यास तो संकोचतो.

प्रशिक्षणासाठी अनामत किंवा नोंदणी फी मागणाऱ्यास नकार द्यावा. विद्यावेतन, राहण्याची सोय, प्रवासखर्च आणि सुरुवात-शेवटच्या तारखा पत्रावर लिहून घ्याव्यात. मुलगी जाणार असेल तर पालकांनी निवासाची जागा आधी पाहून यावी, पण केवळ लांब आहे म्हणून नाही म्हणू नये. शेवटची तारीख शक्यतो मृगापूर्वीची मागावी. न जमल्यास पेरणीपुरती रजा मिळेल का ते तेव्हाच ठरवावे.

जाता जाता एक सूचना. या मेळाव्यात टेबल केवळ कंपन्यांनीच मांडावे असे नाही. ज्यांची रोपवाटिका, पॅकहाऊस, दुग्धव्यवसाय किंवा शेतकरी उत्पादक कंपनी आहे, अशा बागायतदारांनीही जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना जानेवारीतच पत्र लिहावे. राहण्याची खोली, दोन वेळचे जेवण आणि नेमून दिलेले एक काम, उदाहरणार्थ ड्रीपरचा प्रवाह मोजून प्रत्येक ओळीची नोंद करणे, एवढे असले तरी एका विद्यार्थ्याची सोय होते व आपल्या बागेतील पाण्याचा हिशेबही हाती येतो.