उवांचे वेळापत्रक

मे महिन्यात पाटण तालुक्यातली घरे भरतात. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे. इथल्या वाड्यावस्त्यांतली कितीतरी माणसे मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहायला गेली आणि तिथेच राहिली, पण सुट्टीला आणि यात्रेला गावी येणे त्यांनी सोडले नाही. मग चुलत, मावस, आते अशी सगळी भावंडे सोप्यात एका ओळीत झोपतात, एका मोबाइलवर चार डोकी वाकतात. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते, पाऊस धरतो, आणि पंधरवड्यात एखादी मुलगी कानामागे खाजवू लागते. घरात निकाल लगेच लागतो: शाळेतून उवा आणल्या.

विज्ञान या निकालाला दुजोरा देत नाही. ऊ चावल्याक्षणी खाज सुटत नाही. रक्त शोषताना ती थोडी लाळ कातडीत सोडते आणि खाज येते ती या लाळेच्या ॲलर्जीमुळे. ज्या डोक्यात पहिल्यांदाच उवा झाल्या, तिथे ही ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. पूर्वी उवा होऊन गेलेल्यांना ती एक-दोन दिवसांतच जाणवते. म्हणजे जूनअखेरीस पहिल्यांदा खाजणाऱ्या डोक्यात उवा शिरल्या त्या मे महिन्यात, बहुधा घरच्याच सोप्यात. आळ मात्र वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीवर येतो. ज्या भावंडांकडून उवा आल्या ती तोवर मुंबईला परतलेली असतात आणि त्यांची डोकी कुणीच पाहत नाही.

उवांशी झुंजताना बहुतेक घरांची चूक होते ती अशी तारखांच्या हिशेबात. या किड्याचे आयुष्य ठरलेल्या वेळापत्रकाने चालते. ते वेळापत्रक माहीत असेल तर साधी फणीही पुरते, नसेल तर महागडी बाटलीही वाया जाते.

पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, दोन-तीन मिलिमीटरची. तिला पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही. सहा पाय, प्रत्येकाच्या टोकाला एक आकडीदार नखी. ही नखी माणसाच्या केसाच्या जाडीला अशी बरोबर बसते की केस धरून ऊ मिनिटाला वीस-बावीस सेंटिमीटर सरकू शकते. सपाट जागेवर तीच ऊ अगतिक होते. म्हणून ती पसरते ती मुख्यतः केसाला केस लागूनच. टोपी, रिबीन, उशी यांचा वाटा फार थोडा. दिवसातून अनेकदा रक्त लागत असल्याने डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते.

एवढे कळले तरी घरातल्या बाईचे निम्मे काम वाचते. मुलीच्या डोक्यात ऊ दिसली की घरातल्या सगळ्या गोधड्या भिजवायच्या, ही रीत कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात शिक्षाच ठरते, कारण इथे श्रावणात धुतलेली गोधडी आठवडाभर वाळत नाही. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे आणि टॉवेल कढत पाण्यात टाकावेत, फण्या पाच-दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवाव्यात. गोधडी दोन-तीन दिवस घडी करून बाजूला ठेवली तरी भागते. घरात फवारणी तर अजिबात करू नये.

उवांचा अस्वच्छतेशी जोडलेला संबंधही असाच निराधार आहे. तेल लावलेल्या, न लावलेल्या, रोज धुतलेल्या, आठवड्याने धुतलेल्या, सगळ्या केसांत त्या सारख्याच नांदतात. पाण्यात बुडाल्या तर श्वासाची छिद्रे मिटून घेऊन तासन् तास तग धरतात, म्हणून नुसत्या न्हाण्याने त्या मरत नाहीत. मुलींमध्ये त्या जास्त आढळतात याचे कारण मुली एकमेकींना बिलगून बसतात, डोक्याला डोके लावून खेळतात आणि त्यांचे केस लांब असतात. दोन वेण्या घालून शाळेत आलेल्या मुलीला सगळ्यांदेखत उठवून मागच्या बाकावर बसवणे हा अन्याय आहे, आणि घरी तिचे डोके शिक्षा म्हणून भादरणे त्याहून मोठा.

या किड्याची आणि माणसाची सोबत माणूसपणाइतकीच जुनी आहे. चिंपांझीच्या अंगावर आपल्या उवेची सख्खी बहीण शोभावी अशी वेगळी जात राहते. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज वेगळे झाले तेव्हा, सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी, त्यांच्या उवाही वेगळ्या झाल्या, असे जनुकांच्या तुलनेवरून दिसते. २०१० मध्ये अंगावरच्या, म्हणजे कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या, उवेचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा तो कीटकांमधल्या सर्वांत छोट्या जनुकसंचांपैकी एक निघाला. आयते रक्त पिणाऱ्या जिवाला फारशी हत्यारे बाळगावी लागत नाहीत. पण रक्तात काही ब जीवनसत्त्वे कमी पडतात. ती पुरवायला उवेच्या पोटात रिझिया नावाचा जिवाणू राहतो. आई तो अंड्यातच पिल्लाला देते. हा जिवाणू नसेल तर पिल्लू वाढत नाही.

या अंगावरच्या उवेचे नाव इथे काढायचे आणखी एक कारण आहे. शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवून दिले की टायफस हा जीवघेणा ताप अंगावरच्या उवेमुळे पसरतो. त्यासाठी त्यांना १९२८ चे नोबेल मिळाले. उवांची धास्ती बरीचशी तिथून आली असावी. डोक्यातली ऊ मात्र असा रोग पसरवत असल्याचे दिसलेले नाही. तिचा त्रास वेगळा: खाजवून जखमा होतात, त्यात पू धरतो, मानेतल्या गाठी सुजतात, रात्रीची झोप मोडते आणि दिवसा वर्गात लक्ष लागत नाही. फार दिवस, फार मोठ्या संख्येने उवा राहिल्या तर अशक्त मुलात रक्तक्षयही दिसतो.

आता लिखा. खरा हिशेब इथे आहे.

मादी दिवसाला सहा ते आठ अंडी घालते आणि प्रत्येक अंडे टाळूलगतच्या केसाला सिमेंटसारख्या चिवट स्रावाने डकवते. पाण्याने, साबणाने हा डिंक सुटत नाही. अंड्याच्या टोकाला छिद्रे असलेले एक बारीकसे झाकण असते. सात ते दहा दिवसांत आतले पिल्लू हवा गिळते, ती मागून सोडते, आणि त्या दाबाने झाकण उडवून बाहेर येते. पुढच्या नऊ ते बारा दिवसांत ते स्वतः अंडी घालायला तयार होते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि रिकामे टरफल त्याच्यासोबत पुढे सरकत राहते. म्हणून टाळूपासून बोटभर दूर दिसणारी पांढरी लीख बहुधा जुनीच, रिकामी असते. टाळूजवळची मळकट, तपकिरी लीख जिवंत असू शकते. कोंड्याचा कण बोटाने सरकतो, लीख सरकत नाही. उपचार सुरू करायचे ते चालती ऊ दिसल्यावर. नुसत्या दूरच्या लिखा पाहून औषधे ओतणे व्यर्थ आहे.

दुकानात मिळणाऱ्या उवांच्या औषधांपैकी १ टक्का पर्मेथ्रिन हे जगभर वापरले जाणारे औषध. ते उवेच्या मज्जातंतूंवर घाव घालते, पण सगळ्या अंड्यांपर्यंत पोचत नाही, कारण कोवळ्या अंड्यात अजून मज्जासंस्थाच तयार झालेली नसते. आज औषध लावले, दहा मिनिटांनी धुतले, मेलेल्या उवा निघाल्या, घरात समाधान झाले. आठवड्याने लिखांतून पिल्ले बाहेर येतात आणि महिन्याभरात डोके पुन्हा खाजते. मग आई म्हणते, औषध खोटे होते. औषध खरे होते, दुसरी खेप चुकली. ही खेप नवव्या दिवसाच्या आसपास द्यायची: तोवर जवळपास सगळी पिल्ले बाहेर आलेली असतात आणि एकही अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसते. पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे एकट्या मुलीवरच उपचार करणे. तिला कुशीत घेऊन झोपणारी आजी, तिची वेणी घालणारी आई, घरातली मावशी, सगळ्यांची डोकी त्याच दिवशी पाहायला हवीत. मोठी माणसे, विशेषतः केस लांब असलेल्या बायका, वर्षानुवर्षे थोड्या उवा बाळगून असतात आणि ते बोलायची त्यांना लाज वाटते. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्या सर्वांवर उपचार एकाच दिवशी करावेत. गरोदर बाईच्या आणि अगदी लहान बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच औषध वापरावे.

पर्मेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा अनेक देशांत वाढल्या आहेत. त्यांच्या मज्जातंतूंतल्या ज्या दारावर औषध काम करते, तेच दार जनुकातल्या बदलाने पालटले आहे. अशा वेळी डॉक्टर आयव्हरमेक्टिन देऊ शकतात. ज्या संशोधनासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले, त्यातूनच हे औषध आले. गोळी मात्र १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बाईला देत नाहीत. डायमेथिकोन नावाचे सिलिकोनचे तेल विषारी नाही. ते उवेची छिद्रे बुजवून तिला मारते, त्यामुळे त्याची सवय होण्याचा धोका कमी. काही डायमेथिकोन औषधे पेट घेतात, म्हणून ते लावून चुलीजवळ बसू नये.

औषध न वापरताही उवा जातात, पण चिकाटी लागते. केस धुवून ओलेच ठेवायचे, भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल चोळायचे, साध्या कंगव्याने गुंता काढायचा आणि मग बारीक दातांची धातूची फणी टाळूला टेकवून केसाच्या टोकापर्यंत एका ओढीत न्यायची. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. ओल्या, बुळबुळीत केसात उवेला पळता येत नाही. मानेपासून सुरुवात करून कानामागे, मग टाळूवर, बट बट घेत जायचे. लांब केसांना अर्धा तास सहज लागतो. दर तीन-चार दिवसांनी दोन आठवडे असे करायचे. एकही पिल्लू मोठे होईपर्यंत टिकू नये, एवढाच यामागचा हिशेब.

इस्रायलमधल्या लाखीश इथल्या उत्खननात २०१६ मध्ये हस्तिदंताची साडेतीन सेंटिमीटरची एक फणी सापडली. सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. एका बाजूला गुंता काढायचे सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवा-लिखा काढायचे चौदा बारीक दात. तिच्यावर कनानी लिपीत १७ अक्षरे कोरलेली आहेत, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली: या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात, अशी इच्छा. पाटणच्या बाजारात आजही मिळणाऱ्या दुहेरी फणीची रचना तीच आहे.

घरगुती उपायांत सर्वांत काळजी करावी असा उपाय सीताफळाच्या बियांचा. बिया वाळवून कुटायच्या, तेलात कालवून रात्री डोक्याला लावायच्या आणि फडके बांधून झोपायचे. त्याने उवा खरोखर मरतात. या बियांतली ॲसिटोजेनिन नावाची रसायने पेशींना ऊर्जा बनवूच देत नाहीत. पण हीच पूड घामाबरोबर ओघळून डोळ्यात गेली की बुबुळ भाजते. सकाळी डोळे उघडत नाहीत, उजेड सहन होत नाही, पाणी थांबत नाही. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार छापली आहेत. पूड डोळ्यात गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. रॉकेल पेट घेते आणि कातडीही भाजते. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. शेतावरचे कीटकनाशक डोक्याला चोळणे तर जिवावर बेतते: ते टाळूतून अंगात जिरते, लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडखळतो. असे काही दिसले तर केस साबणाने धुवून, वाट न पाहता दवाखाना गाठावा.

फणी फिरणे बंद झाले की काय होते, ते सातारा, सांगली, कोल्हापूरच्या भागात जटेच्या रूपाने दिसते. विंचरणे थांबते, उवांच्या जखमांतला स्राव, तेल आणि मळ यांनी केस चिकटतात आणि एक घट्ट दोर तयार होतो. तो यल्लम्माचा कौल मानला जातो, त्याला कात्री लावायची भीती घातली जाते, आणि कित्येक मुलींचे आयुष्य त्यापायी देवीला वाहिले गेले. ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाची कथा याच जटेपासून सुरू होते. जटेच्या आत ना औषध पोचते, ना फणी, आणि मानेवर तिचे ओझे वाढत जाते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांशी बोलून, धीर देऊन जटा कापतात. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे.

सरकारी व्यवस्थेत उवांना जागा नाही, ही खेदाची बाब आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. तपासायच्या आजारांच्या यादीत त्वचेचे विकार आहेत, पण ते खरूज, बुरशी आणि इसब. २०१५ पासून जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. पोटातल्या जंतासाठी देश एक दिवस ठरवू शकतो, तर डोक्यातल्या उवेसाठी त्याच पथकाला दोन मिनिटे काढता येतील. शाळेत प्रत्येक वर्गामागे धातूच्या दोन फण्या, जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली तपासणी, नऊ दिवसांनी दुसरी. तपासणी आडोशाला व्हावी आणि ऊ सापडली म्हणून कुणालाही घरी पाठवू नये. ती त्या डोक्यात बहुधा काही आठवडे आधीपासून असते, त्यामुळे त्या दिवशी घरी पाठवून काहीच साधत नाही. निरोप मात्र घरी जायला हवा, आणि तो मुंबईच्या भावंडांपर्यंतही पोचायला हवा.