चिनी वैद्यकातील ‘राजा’ : हृदय

तोंडी परीक्षेत आपले नाव पुकारले गेले, की विद्यार्थ्याची छाती धडधडू लागते. अचानक वाईट बातमी कानावर आली, की काळजात धस्स होते. हा अनुभव डोक्यात नव्हे, छातीत येतो. मग मन हृदयात राहते असे प्राचीन लोकांना वाटले, यात नवल ते काय? ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने असेच मानले. आपल्याकडे चरक व सुश्रुत यांनीही हृदय हे चेतनेचे स्थान सांगितले. चिनी वैद्यकात मात्र या कल्पनेवर रोगनिदानाची एक संपूर्ण पद्धतच उभी राहिली. ती कशी, हे पाहू या.

शरीर नावाचे राज्य

‘हुआंगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास संकलित झाला. पीतसम्राट प्रश्न विचारतो आणि वैद्य उत्तरे देतो, अशी त्याची रचना आहे. त्यात शरीराला राज्याची उपमा दिली आहे. हृदय हा राजा, फुप्फुस हा मंत्री, तर यकृत हा सेनापती. राजा शहाणा असेल तर प्रजा सुखी. राजा गोंधळला तर सारे राज्य संकटात.

हृदयाला चिनी भाषेत ‘शिन’ म्हणतात. या एकाच शब्दाचा अर्थ हृदयही होतो आणि मनही. मानसशास्त्राचे आजचे चिनी नावसुद्धा याच शब्दापासून सुरू होते. शिनकडे दोन मुख्य कामे दिलेली आहेत. पहिले, रक्त व रक्तवाहिन्या यांवर सत्ता चालवणे. दुसरे, ‘शन’ म्हणजे जाणीव, स्मृती आणि विचार यांना आश्रय देणे. झोप न लागणे, विसरभोळेपणा, धडधड व बेचैनी या चार तक्रारी एकत्र आल्या, तर वैद्य त्यांचे मूळ शिनमध्ये शोधतो. त्यासाठी तो चेहऱ्याची कांती आणि जिभेचा शेंडा पाहतो. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूची पहिली नाडी तो हृदयाची म्हणून तपासतो.

प्रत्येक भावनेला एकेक अवयव नेमून दिलेला आहे. राग यकृताचा, चिंता प्लीहेची, शोक फुप्फुसांचा, भीती मूत्रपिंडांची आणि आनंद हृदयाचा. गंमत अशी, की आनंदही अती झाला तर तो अपायकारकच मानला आहे.

थोडक्यात, चिनी वैद्यकाचे हृदय हा केवळ छातीतला स्नायू नव्हे. एकत्र दिसणाऱ्या अनेक लक्षणांना दिलेले ते एक नाव आहे.

शंका घेणारा वैद्य

चीनमध्येच या मताविषयी शंका निघाल्या. सोळाव्या शतकात ली शिझेन याने मेंदूला मूळ चैतन्याचा वाडा म्हटले. वांग छिंगरेन (१७६८–१८३१) त्याच्याही पुढे गेला. १७९७ साली साथीत दगावलेल्या मुलांची प्रेते उथळ खड्ड्यांत पुरलेली होती आणि कुत्र्यांनी ती उकरली होती. वांग रोज तेथे जाऊन शरीरातील अवयव पाहत असे. जुन्या ग्रंथांतील वर्णने आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. १८३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने स्मृती व बुद्धी मेंदूत असतात, हृदयात नव्हे, असे स्पष्ट लिहिले.

पण त्याच पुस्तकात हृदयात रक्त नसते असेही त्याने लिहिले! मृत्यूनंतर धमन्या बऱ्याच अंशी रिकाम्या होतात. त्याने पाहिले ते खरे होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. निरीक्षण आणि निष्कर्ष यांतील हे अंतर विद्यार्थ्यांना दाखवून देण्यासारखे आहे.

मग धडधड का होते?

भीतीचा अर्थ मेंदू लावतो. अनुकंपी चेतातंतू आणि ॲड्रेनलिन हे संप्रेरक यांच्याद्वारे हृदयाला ‘वेग वाढव’ असा निरोप जातो. उलट, व्हेगस ही चेता तो वेग कमी करते. म्हणजे भावना हृदयात जन्मत नाही, पण तिचा परिणाम तेथे नक्की होतो. कधी हा परिणाम गंभीरही असतो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ या विकाराचे वर्णन केले. तीव्र मानसिक धक्क्यानंतर डाव्या जवनिकेचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा होतो. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची, पण या लक्षणांना कारण ठरेल असा अडथळा हृदयाच्या धमन्यांत सापडत नाही. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात.

भावना आणि हृदय यांचा संबंध प्राचीन वैद्यांनी अचूक टिपला, कारण मात्र चुकीचे दिले. हा भेद व्यवहारातही महत्त्वाचा आहे. छातीत दुखू लागल्यावर ‘मनाला लागले असेल’ किंवा ‘नाडी ठीक आहे’ असे म्हणून थांबणे जिवावर बेतू शकते. दुखणे मनाच्या धक्क्याने आहे की धमनी बंद झाल्याने, हे ईसीजी व इतर तपासण्यांनीच ठरते.

वर्गात एक साधा प्रयोग करून पाहा. विद्यार्थ्यांना शांत बसवून एका मिनिटातील नाडीचे ठोके मोजायला सांगा. मग ‘आता अचानक चाचणी आहे’ असे जाहीर करा आणि ठोके पुन्हा मोजायला सांगा. दोन्ही आकडे फळ्यावर मांडा आणि विचारा : घाबरले कोण, हृदय की मेंदू?