खडपात गरवायला जायचंय? रॉड-रील घेताना पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत

दिवाळीच्या सुमारास समुद्र शांत होऊ लागला, की कोकणातल्या खडपांवर गरवणारे दिसायला लागतात. खडप म्हणजे किनाऱ्याचा खडकाळ भाग, आणि गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं. तांब, गोबरा, पालू, कोकर असे मासे कपारींमध्ये किंवा लाटांच्या फेसात भक्ष्य शोधायला इथे येतात. त्यासाठी होडी लागत नाही आणि जाळंही लागत नाही.

पूर्वापार पद्धत तर अगदीच साधी आहे. बाटलीला किंवा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला तंगूस, त्याला एक वजन आणि एक गरी. आजही अनेक जण एवढ्यावरच चांगले मासे काढतात. रॉड आणि रीलमुळे गळ लांब फेकता येतो, तंगूस कपारीच्या कडेपासून वर धरता येतो आणि मोठा मासा दमवता येतो. मात्र दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेलं, की हजाराच्या आतल्या 'कॉम्बो सेट'पासून पंधरा-वीस हजारांच्या रीलपर्यंत सगळं समोर येतं. मग नवख्याने घ्यायचं काय?

खडपात 'स्वस्त' कशाला म्हणायचं?

वाळूच्या किनाऱ्यावर वापरलेलं सामान वर्षानुवर्षं टिकू शकतं. खडपात तसं होत नाही. वजन दगडांच्या फटीत अडकतं, कालवांच्या धारदार कडांवर तंगूस कापला जातो, रॉड खडकावर आपटतो आणि लाटेचे शिंतोडे थेट रीलवर येतात.

त्यामुळे इथला खर्च दुकानात एकदा करून संपत नाही, तो प्रत्येक फेरीत थोडाथोडा होत राहतो. खरेदी करताना सामानाचे तीन भाग पाडले, तर हिशोब सोपा होतो: हरवणारं, मोडणारं आणि टिकवायचं. वजन, गरी आणि टोकाचा तंगूस हे हरवणारंच सामान आहे, ते स्वस्तात स्वस्त पण भरपूर असावं. रॉड आपटून मोडू शकतो, म्हणून तो दणकट असावा, महागडा नको. टिकवायची असते ती रील. पैसे घालायचे तर तिथे.

रॉड किती लांब, कशाचा?

खडपासाठी ८ ते १० फुटांचा रॉड पुरतो. त्याहून आखूड असेल तर तंगूस समोरच्या खडकाला घासतो, आणि १२-१३ फुटांचा असेल तर अरुंद जागी उभं राहून तो आवरणं नवख्याला जड जातं.

रॉडच्या दांडीवर '२०-६० ग्रॅम' किंवा '४०-८० ग्रॅम' असे आकडे छापलेले असतात. तो रॉड किती वजन नीट फेकू शकतो, हे त्यावरून कळतं. यात शिसं आणि आमिष दोन्ही धरायचं. ४० ग्रॅमचं शिसं आणि बांगड्याचा तुकडा लावायचा असेल, तर ३० ग्रॅमच्या रॉडवर जोर लावू नये, तो फेकतानाच मोडू शकतो.

कार्बनचा रॉड हलका असतो आणि माशाची टोच हाताला चटकन कळते. पण खडकावर आपटून त्याला बारीक तडा गेला, तर तो पुढे कधीतरी ऐन ताणात तुटतो. फायबरग्लासचा रॉड जड आणि थोडा लेचा वाटतो, पण मार सोसतो. पहिला रॉड फायबरग्लासचा किंवा दोन्हींच्या मिश्रणाचा घेणं फायद्याचं. कार्बनमधून वीज वाहते, हेही लक्षात ठेवावं. ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून निघावं, आणि विजेच्या तारांखालून जाताना तो उभा धरू नये.

एसटीने किंवा दुचाकीवरून जाणाऱ्यांना छत्रीसारखा घडी होणारा टेलिस्कोपिक रॉड सोयीचा वाटतो. मात्र त्याच्या सांध्यांत वाळू आणि मीठ बसून ते अडकतात. शक्य असेल तर दोन तुकड्यांचा रॉड घ्यावा. घेण्याआधी दांडीवरच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापूस अडकला, तर तिथे चीर आहे आणि तीच चीर तंगूस कापणार.

रील घेताना कोणते आकडे विसरायचे?

नवख्याने स्पिनिंग रील घ्यावी. ती शिकायला सोपी असते आणि फेकताना गुंता कमी होतो. आकार ४००० ते ६००० यांमधला निवडावा. हे आकडे सगळ्या कंपन्यांचे एकसारखे नसतात, म्हणून स्पूलवर किती जाडीचा किती मीटर तंगूस मावतो, ते वाचावं. ०.४० मिलिमीटरचा २०० मीटर मावत असेल तर पुरे.

जाहिरातीत '१२ बेअरिंग' किंवा '१५ किलो ड्रॅग' असं ठळक लिहिलेलं असतं. खाऱ्या पाण्यात साध्या प्रतीची १२ बेअरिंग म्हणजे गंजायला १२ जागा. चांगल्या प्रतीची चार असली तरी रील गोड चालते. त्याऐवजी दुकानातच चार गोष्टी तपासाव्यात. हँडल डगमगतं का? रील उलटी फिरते का? वरची तार फटकन बंद होते का? आणि ड्रॅग झटके न देता सुटतो का?

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. मासा जोरात पळाला, की ब्रेक सरकून तंगूस सोडतो आणि तुटणं टळतं. हा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर सुटायला हवा. घरच्या घरी जमवायचं, तर पाण्याने भरलेली २ लिटरची बाटली तंगुसाला बांधावी आणि रील हातात धरून सरळ वर उचलावी. ९ किलो ताकदीचा तंगूस असेल, तर बाटली उचलताना ब्रेक हळूच सरकायला हवा. बाटली सरकन खाली गेली तर ड्रॅग ढिला, आणि ती हिसकली तरी ब्रेक हललाच नाही तर तो जास्त आवळला आहे.

तंगूस की ब्रेड?

ब्रेड म्हणजे विणलेली दोरी. ती तितक्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा बरीच बारीक असते, लांब जाते आणि ताणली जात नाही. पण ती महाग असते आणि ताणलेली असताना खडकाला घासली तर पटकन कापली जाते.

पहिल्या वर्षी साधा नायलॉनचा तंगूस बरा. ०.४० ते ०.४५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण २० ते २५ पौंडांचा. १ किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड, त्यामुळे २० पौंड म्हणजे ९ किलो. तो थोडा ताणला जातो म्हणून माशाचा हिसका झेलतो, आणि दर हंगामात बदलला तरी खिशाला जड जात नाही. गरीच्या बाजूचा शेवटचा एक-दीड हात मात्र ०.६० ते ०.७० मिलिमीटरचा जाड तंगूस लावावा. तांब आणि गोबरा गळाला लागताच कपारीत घुसतात. तिथे हाच जाड तुकडा टिकतो.

गळ अडकला तर फक्त वजनच कसं गमवायचं?

खडपात पैसे वाचवण्याची सगळ्यात उपयोगी युक्ती बांधणीत आहे. बहुतेक वेळा फटीत अडकतं ते वजन. म्हणून वजन मुख्य तंगुसाला थेट बांधू नये. फिरकीच्या कडीतून, म्हणजे स्विव्हलमधून, ०.२५ मिलिमीटरचा बारीक तंगूस काढून त्याला वजन लटकवावं. अडकल्यावर ओढलं, की हा बारीक धागा आधी तुटतो आणि गरी, जाड तंगूस, लागलेला मासा असं बाकी सगळं परत येतं. फेकताना मात्र झटका देऊ नये, नाहीतर वजन हवेतच सुटून कुणाला तरी लागेल. आजूबाजूला माणसं असतील तिथे ही बांधणी वापरूच नये.

अडकलेला गळ सोडवताना रॉड वाकवून ओढू नये. रॉड तंगुसाच्या सरळ रेषेत धरावा, तंगूस लाकडाच्या तुकड्याला दोन वेढे देऊन मागे ओढावा आणि तोंड बाजूला वळवावं. उघड्या हाताला वेढा कधीच घेऊ नये.

वजन म्हणून शिसंच लागतं असं नाही. गॅरेजमधून मिळणारे जुने स्पार्क प्लग आणि गंजके नट चालतात. शिसं विषारी असल्याने ते हाताळल्यावर हात धुवायला हवेत, आणि पाण्यात राहिलं तर तिथेही ते चांगलं नाही. तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणावा, कारण तो वर्षानुवर्षं कुजत नाही आणि पक्षी, कासवं त्यात अडकतात. आमिषाला कोळंबी, माकूल किंवा बांगड्याचा तुकडा पुरतो. चमकणारी कृत्रिम आमिषं, म्हणजे ल्युअर, महाग असतात. खडप ओळखीचं झाल्यावर ती घ्यावीत.

५ हजार रुपये असतील तर?

दर दुकानागणिक बदलतात, पण वाटणी साधारण अशी करता येते: रीलला १८०० रुपये, रॉडला १४००, तंगुसाला ५००, गरी, स्विव्हल आणि वजनांना ५००, आणि पकड असलेल्या बुटांना ८००. यातले बुटांचे पैसे कापून रॉड भारी घेण्याचा मोह अनेकांना होतो. तोच सगळ्यात महागात पडू शकतो. शेवाळलेल्या कातळावर चप्पल टिकत नाही. पोहता येत असलं तरी खडकावर आपटणाऱ्या लाटेतून वर येणं कठीण असतं. म्हणून पुढचे पैसे साठले, की आधी लाइफ जॅकेट घ्यावं.

कुठे उभं राहायचं, कधी निघायचं?

मुंबई-कोकण किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. नवख्याने ओहोटी सुरू असताना जावं आणि परतीची वाट पाण्याखाली जाण्याआधी निघावं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जास्त चढतं.

पोचल्यावर लगेच गळ टाकू नये. वीस मिनिटं मागे थांबून लाटा पाहाव्यात, कारण मोठी लाट बऱ्याच वेळाने येऊ शकते. उभं राहण्याची जागा ओली दिसत असेल, तर लाट तिथवर येते हे पक्कं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते आदल्या दिवशी पाहावेत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. काठावरून गरवणाऱ्यांना ती लागू नसली, तरी तेव्हाचा खवळलेला समुद्र नवख्यासाठी नाही.

मासा लागला म्हणून खाली पाण्याच्या कडेला उतरू नये. लांब दांड्याची जाळी न्यावी, किंवा येणाऱ्या लाटेबरोबर मासा वर आणावा. तेही जमत नसेल तर तंगूस कापावा. एकट्याने जाऊ नये. कुणी पाण्यात पडलंच, तर मागे उडी न मारता तरंगणारं काहीतरी फेकावं, रिकामा बंद कॅनही चालतो. मग ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करावा.

घरी आल्यावर काय?

रील वर्षभर टिकणार की पाच वर्षं, हे या दहा मिनिटांत ठरतं. ड्रॅग आवळून रील नळाच्या हलक्या धारेखाली धुवावी. जोराचा फवारा मारला तर मीठ आत जातं. मग पुसून, ड्रॅग ढिला करून सावलीत वाळवावी आणि तंगूस जिथून वळतो त्या चाकावर तेलाचा एक थेंब सोडावा. रॉडच्या कड्या आणि सांधेही धुवावेत. शेवटी तंगुसाचं पहिलं दोन-तीन मीटर टोक बोटांतून फिरवावं आणि खरखरीत लागेल तेवढं कापून टाकावं.