मिरजेचा तंबोरा आणि खिशातला सूर

परतूरसारख्या गावात आज कुणी गाणं शिकायला बसलं, तर सूर धरायला मोबाइलमधलं ॲप पुरतं. मिरजेतल्या तंबोरा कारागिरांपुढचा मोठा प्रश्न तोच आहे. १९व्या शतकात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा महिनोन्‌महिने वाळवून ही वाद्यं आजही हातानेच तयार होतात.

खरी गंमत तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागात आहे. तो किंचित वक्र असतो. छेडलेली तार त्याला पुन्हापुन्हा स्पर्श करते आणि मूळ स्वरासोबतचे वरचे स्वरांश उजळतात. तारेखालचा दोरा सरकवून तो स्पर्श नेमका जुळवतात. हीच जवारी. तार ज्या बिंदूवर छेडली, त्यानुसार गप्प राहायला हवेत असे स्वरांशही तंबोऱ्यात ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये दाखवलं. ठरावीक ध्वनिमुद्रण फिरवत राहणाऱ्या ॲपला तारेचा हा जिवंतपणा साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अडचण वाद्याच्या गुणातच आहे: चांगला तंबोरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, म्हणून नवा कमी खपतो. गिटारवाल्यांनाही जुन्या वाद्यांशी स्पर्धा करावीच लागते.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नक्कल रोखायला ते उपयोगी आहे; गिऱ्हाईक मात्र ते आणत नाही. पण जुन्या तंबोऱ्यातही तारांनी घासून झिजलेल्या घोडीची जवारी पुन्हा काढायला कारागीरच लागतो, आणि त्या कामाला योग्य मोल मिळायलाच हवं.