विश्लेषण : भरती आली की ठाणे खाडीतले फ्लेमिंगो जातात कुठे?

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा यंदाचा मुक्काम आता काही दिवसांचाच उरला आहे. मोसमी पावसाच्या दमदार सरी सुरू झाल्या की बहुतेक थवे गुजरातची वाट धरतात. त्यामुळे मेच्या अखेरच्या शनिवार-रविवारी ऐरोली, भांडूप, शिवडी आणि नेरुळमध्ये दुर्बिणी आणि कॅमेरे घेतलेल्यांची गर्दी होते. त्यातले अनेक जण हिरमुसून परततात. ‘पक्षी होतेच कुठे?’ ही त्यांची तक्रार. पक्षी असतात, पण माणसे घड्याळ बघून जातात आणि पक्षी भरती बघून. ही वेळ समजली की पक्षी दिसतात. शिवाय नवी मुंबईतल्या काही तळ्यांवरून गेली काही वर्षे एवढा वाद का सुरू आहे, तेही कळते.

उन्हाळ्याच्या शेवटी इथे काय दिसते?

ठाणे खाडीत फ्लेमिंगोच्या दोन जाती येतात. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. संख्येने जास्त असतो तो धाकटा रोहित. तो बुटका, जास्त गुलाबी आणि गडद रंगाच्या चोचीचा असतो. मोठा रोहित उंच आणि पांढुरका, त्याच्या गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे. करड्या रंगाचे, मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात. ती पिल्ले असतात. गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो आणि तो चढायला काही वर्षे लागतात.

एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला छोट्या पाणपक्ष्यांकडेही लक्ष द्यावे. हिवाळाभर मातकट दिसणारी बाकचोच तुतारी या दिवसांत विटकरी लाल होते. हा तिचा विणीचा पोशाख. तो अंगावर चढवून ती सैबेरियाच्या उत्तर टोकाकडे निघते. मेच्या मध्यानंतर असे बहुतेक पाहुणे गेलेले असतात. मागे राहतात ते यंदा वीण न करणारे तरुण पक्षी आणि शेकाटे, बगळे, खंड्या, ब्राह्मणी घार अशी कायमची मंडळी. ओहोटीच्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात, एकच नांगी भलीमोठी असलेले फिडलर खेकडेही दिसतात. नशीब जोरावर असेल तर पहाटे तिवरांच्या कडेने जाणारा कोल्हा दिसतो. महानगराच्या मधोमध कोल्हा ही गोष्ट अनेकांना अजून खरी वाटत नाही.

फ्लेमिंगो इथे खातात तरी काय?

धाकट्या रोहितचे मुख्य अन्न म्हणजे नील-हरित शैवाल आणि डायटम हे सूक्ष्म जीव. मोठा रोहित छोटे कवचधारी प्राणी, शिंपले, अळ्या खातो. दोघेही चोच उलटी धरून पाणी आत घेतात, जिभेने ते पंपासारखे बाहेर ढकलतात आणि चोचीच्या कडेच्या गाळणीत अन्न अडकवतात. मात्र फ्लेमिंगो ही नुसती चाळणी नाही. मे २०२५ मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ते पाय आपटून आणि डोके झटक्यात वर उचलून पाण्यात छोटे भोवरे तयार करतात आणि त्यात भक्ष्य गोळा करतात.

खाडीत शैवाल भरपूर असण्यामागे शहरांचे सांडपाणी हे एक मोठे कारण मानले जाते. त्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर शैवाल वाढते. म्हणजे १९९० च्या दशकापासून मुंबईत वाढत गेलेल्या या गुलाबी गर्दीला आपल्या घाणीचाही हातभार आहे. कौतुक करताना एवढे लक्षात असू द्यावे.

भरतीचे गणित काय?

खाडीत दिवसाला साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावर यासाठी जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. ॲपइतके हे अचूक नसते, पण सहलीचा बेत आखायला पुरते.

ओहोटीला चिखलाचे मैलोन् मैल पट्टे उघडे पडतात. तेव्हा पक्षी चरायला पांगतात आणि काठावरून गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचा आणि नंतरचा दीड-दोन तासांचा काळ म्हणूनच सर्वांत चांगला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोटीही भरती बघूनच सुटतात. आणखी एक साधी गोष्ट : सकाळी नेरुळ-ऐरोलीच्या बाजूने पाहावे, सूर्य पाठीशी राहतो. शिवडी-भांडूपच्या काठावर सकाळी तो थेट डोळ्यांत येतो. तिथे संध्याकाळ बरी.

पण पूर्ण भरतीला काय होते? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. चिखल पूर्ण बुडतो. भांगाच्या भरतीत थोडा चिखल उघडा राहतो, उधाणात तोही नाही. पक्ष्यांना काही तास उथळ, शांत जागा हवी असते. मग ते उडून तिवरांमागच्या तळ्यांवर जातात : भांडूप पंपिंग स्टेशनचा परिसर, नेरुळचे डीपीएस तळे, सीवूड्सच्या एनआरआय आणि टी. एस. चाणक्य पाणथळ जागा, उरणचे पाणजे. पाणी उतरले की पुन्हा खाडीत. ही ये-जा रात्रीही सुरू असते, कारण भरतीला दिवस-रात्र नसते.

अभयारण्य आहे, मग अडचण कुठे?

अडचण नकाशात आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातले ८९६ हेक्टर कांदळवन, उरलेले खाडीचे पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. पण अभयारण्याची हद्द ढोबळमानाने ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान आहे. नेरुळ, सीवूड्स आणि उरणच्या जागा त्याच्या दक्षिणेला, हद्दीबाहेर. चरण्याच्या मोठ्या भागाला संरक्षण मिळाले, पण विश्रांतीच्या अनेक जागा बाहेरच राहिल्या. फ्लेमिंगोच्या दृष्टीने पाहिले तर अर्धे घर कागदावर आले आहे आणि अर्धे नाही.

याचे परिणाम दिसले आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीपीएस तळ्याच्या परिसरात अनेक फ्लेमिंगो मेले. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्याने तळे कोरडे पडत चालले होते. अशा तळ्यात पाणी खेळते राहिले नाही तर दोनच गोष्टी होतात : एक तर ते आटते, नाही तर साचलेल्या पाण्यावर शेवाळाचा जाड थर धरतो. दोन्हींत पक्ष्याला उभे राहायला जागा नसते.

त्यानंतर महिन्याभरातच, २० मे २०२४ च्या रात्री, मुंबईत उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाची घाटकोपरजवळ थव्याला धडक बसली. विमान सुखरूप उतरले. ३९ फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. पर्यावरण कार्यकर्त्यांनी तेव्हा विस्कटलेल्या विश्रांतीस्थानांकडे बोट दाखवले होते. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे हा प्रश्न पक्ष्यांपुरताही राहिलेला नाही. विमानतळाजवळ तळी नकोत, असे एक मत आहे. पण तळे आटवल्याने थवा नाहीसा होत नाही. तो दुसरी जागा शोधत जास्त वेळ हवेत राहतो. हे दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे.

जवळचे तळे गेले तर दूरचे का चालत नाही?

साधा हिशेब मांडू. विश्रांतीची जागा पाच किलोमीटर लांब गेली, तर एका भरतीला जाऊन-येऊन दहा किलोमीटर वाढले. दिवसाच्या दोन भरत्या, म्हणजे वीस. महिन्याला सहाशे. मुंबईहून कच्छच्या मोठ्या रणाचे सरळ रेषेतले अंतरही जवळपास तेवढेच! म्हणजे नुसते बसायला जाण्यासाठी पक्ष्याने दर महिन्याला एका स्थलांतराइतके जादा उडायचे. तेही मे महिन्यात, जेव्हा खऱ्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. हा प्रवास नेमका कसा होतो हे पाहण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२ मध्ये इथल्या काही फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवले होते. त्यातून त्यांची गुजरातपर्यंतची झेप नोंदली गेली.

पुढे काय?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. दर्जा मिळाल्याने पाणी आपोआप आत येत नाही, त्यासाठी बुजलेले मार्ग मोकळे राहायला हवेत. शेजारच्या एनआरआय पाणथळीवर गोल्फ कोर्ससाठी केलेला बदल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवला; पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

यंदाचे थवे पाहायचे राहिले असतील तर पावसाआधीच्या एखाद्या उधाणाच्या दिवशी, सकाळच्या भरतीच्या तासभर आधी नेरुळच्या तळ्याकाठी पोहोचावे. ड्रोन उडवू नये, थव्याच्या दिशेने चालत जाऊ नये. एकदा उठलेल्या थव्याला त्या वेळी बसायला दुसरी जागा नसते. जून-जुलैत खाडी बरीच रिकामी वाटेल. पण ऑगस्टमध्येच, ऐन पावसात, मध्य आशियातल्या पठारांवर वीण आटोपलेले छोटे चिखल्या पक्षी परतू लागतात. भरतीला तेही याच तळ्यांवर उतरतात.